परत आलेल्या पेट्या

टोरेने विचारलं, “परत आलेल्या पेट्यांचं काम कोण करतंय?” आणि पडद्यावरचे आठही चौकोन गप्प बसले. गप्प म्हणजे अगदी गप्प. एरवी कुणाचा तरी पंखा ऐकू येतो, पुण्यात ज्ञानेशच्या खिडकीखालून भाजीवाला ओरडत जातो, दिपेश माइक बंद करायला विसरून कुरमुरे खातो. या वेळी तसलं काहीच नाही. मी मनात तीन आकडे मोजले आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, “होईल. संध्याकाळच्या आत होईल.” टोरे नॉर्वेतल्या एका किनाऱ्यावरच्या गावात सकाळी नऊची कॉफी घेऊन बसला होता. त्याने मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या कामाच्या कार्डाकडे वळला. साडेबारा वाजून आठ मिनिटं झाली होती. साडेचारला डेमो होता. आणि ते काम कोण करतंय, मुळात कुणी करतंय की नाही, याचा मला पत्ता नव्हता. हा पत्ता ठेवण्यासाठीच तर कंपनीने मला ठेवलंय.

टोरेच्या कंपनीची मासळीची शीतगृहं आहेत. मासळीच्या प्रत्येक पेटीवर एक बारकी चिप असते, ती पेटी कुठे कुठे गेली आणि वाटेत तिला किती ऊब लागली ते आमचा प्रोग्रॅम लिहून ठेवतो. गिऱ्हाइकाने पेटी परत पाठवली तर तिचा तो उलटा प्रवासही लिहायचा, म्हणजे नासकी मासळी पुन्हा कुणाच्या गळ्यात पडत नाही. काम पुण्यात चौघं करतात, बोईसरला आम्ही तिघं, आणि बरं-वाईट ठरवतो नॉर्वेतला टोरे. दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याच्या शेवटी झालेलं काम दाखवायचं, तो डेमो, आणि रोज दुपारी पंधरा मिनिटं प्रत्येकाने सांगायचं: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. याला स्टँडअप म्हणतात, म्हणजे उभ्याउभ्याने बोलायचं. आम्ही सगळे बसलेले असतो. सोमवारी पुण्याहून कृष्णकांत सरांचा फोन आला होता. ते आमच्या कंपनीचे प्रमुख, आणि वाईट बातमी आमंत्रणासारखी देण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. “चारुता, टोरेला तीन ठिकाणं जास्त वाटताहेत बरं का. गुरुवारचा डेमो बघून तो ठरवेल. बोईसर बंद झालं, तर एक तारखेपासून तुम्ही तिघं इकडेच या. पुण्यात हवा छान आहे.” पुण्याची हवा मी अकरा वर्षं खाल्ली आहे. साथीच्या काळात घरून काम करायला म्हणून बोईसरजवळ नवापूरला, माहेरी आले ती परत गेलेच नाही. बाबांचं खुब्याचं हाड मोडलं, आईला एकटीला ते उचलवेनात, आणि मलाही कळलं की अकरा वर्षांत मी एकदाही पोटभर झोपले नव्हते. दिपेशने दिवाळीआधी सरावलीला भाड्याचं घर घेतलंय, बायकोला आठवा महिना आहे. आणि दीपा. दीपा दर शनिवारी एसटीने विक्रमगडच्या पलीकडे आपल्या पाड्यावर जाते. तिचा बाप गोमा वर्षातले सहा महिने वीटभट्टीवर असतो, तेव्हा आईचं जे काय असेल ते दीपाच बघते. पुण्याला तो मुलीला पाठवणार नाही, हे त्याने तिला नोकरी लागली त्याच दिवशी सांगून टाकलं होतं. म्हणजे बोईसरची खोली बंद झाली तर मी घर सोडणार, दिपेश घर सोडणार, आणि दीपा नोकरी.

कॉल संपला. मी फळ्यावरचं ते कार्ड उघडलं. हा फळा पडद्यावरचाच, तिन्ही गावांतून दिसतो. ‘परत आलेल्या पेट्या’, आणि खाली तीन नावं: ज्ञानेश, दीपा, आणि टोरेच्या हाताखालचा एक मुलगा. ती तिन्ही नावं मीच लिहिली होती. सहा आठवड्यांपूर्वी कामं वाटताना ज्ञानेश म्हणाला होता, मी बघतो. दीपाने मान डोलावली होती. नॉर्वेच्या मुलाने हात वर केला होता. कुणाचं मन कशाला दुखवा, म्हणून मी तिघांनाही लिहून मोकळी झाले आणि वर स्वतःवर खूष झाले की काय छान सगळ्यांना सांभाळून घेते मी. इतक्यात ज्ञानेशचा मेसेज आला: ‘ताई, ते दीपाकडे होतं ना?’ म्हणजे त्याने हात लावलेला नव्हता. मी काय करावं? मी त्याला अंगठा पाठवला. हो, दीपाकडे होतं, काळजी नको, अशा अर्थाचा तो पिवळा, गुबगुबीत अंगठा. 

दीपा माझ्यापासून सात फुटांवर बसली होती. पाठमोरी. कानांवर हेडफोन, तेल लावून घट्ट घातलेली वेणी, खुर्चीच्या पाठीवर ओढणीची घडी. सात फूट. नॉर्वेशी बोलायचं तर समुद्राखालून तारा गेल्या आहेत, आणि इथे नुसतं “दीपा” म्हटलं की झालं. मी उठले आणि चहा प्यायला खाली गेले.

आमची खोली गॅस्केट आणि व्हॉल्व्हच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली टपरीवाला म्हणाला, “मॅडम, आज इतना जल्दी?” मी म्हटलं, हां, आज जल्दी. पहिल्या पाळीचे कामगार चहा पीत उभे होते, कुणाच्या डब्यातल्या लोणच्याचा वास, त्याच्यावर कारखान्यांचा तो नेहमीचा गोडसर, घशाला चिकटणारा वास. ऑक्टोबरचं ऊन असं की रस्त्याकडे बघवत नव्हतं. मी चहा घेतला आणि तो पीत पीत रस्त्याच्या कडेने चालू लागले, ग्लास हातात घेऊन, वेड्यासारखी. मला एक साधा प्रश्न विचारायचा होता. तो मी का विचारत नव्हते? उत्तर काय येईल याची भीती, हे तर होतंच. दीपा म्हणाली असती, नाही केलं, मला वाटलं ज्ञानेश सर करतात, तर साडेतीन तासांत ते काम होण्यासारखं नव्हतं. पण नुसती भीती असती तर मी ती ओळखली असती. हे तिच्याही खालचं काहीतरी होतं. कुणाला समोरून विचारायचं म्हटलं की माझ्या जिभेवर कुणीतरी हात ठेवतं, आणि तो हात मला फार जुना, फार ओळखीचा वाटत होता.

बाबा होडीवर जायला निघाले की आमच्या घरात त्यांना कुणी काही विचारायचं नाही. कुठे चाललात, किती वाजता येणार, आज काय मिळेल, काही नाही. निघालेल्या माणसाला विचारलं की काम बिघडतं. आई डबा हातात द्यायची आणि दुसरीकडे बघायची. मी नऊ वर्षांची असेन. शाळेत दुसऱ्या दिवशी चित्रांची स्पर्धा होती, मला रंगपेटी हवी होती, आणि बाबा उंबरठ्याबाहेर पाऊल टाकताहेत तोच मी विचारलं, “बाबा, तुमी कदी येनार?” बाबा थांबले. रागावले नाहीत. परत आत आले, टोपी काढली, ओसरीवर बसले, आईने पाणी दिलं ते प्यायले, आणि अर्ध्या तासाने पुन्हा निघाले. त्या दिवशी सगळ्या होड्या भरून आल्या, बाबांच्या जाळ्यात मूठभर बोंबील. त्या अर्ध्या तासात भरती निघून गेली असेल, किंवा काहीही असेल. मला कुणी बोललं नाही. आई संध्याकाळभर बोंबील साफ करत राहिली, आणि मी तिच्या बाजूला बसून तिच्या हातांकडे बघत राहिले. मारलं असतं तर बरं झालं असतं. रंगपेटी बाबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आणूनही दिली, त्याने तर मला आणखीच रडू आलं. त्यानंतर घरातून निघालेल्या माणसाला मी कधी काही विचारलं नाही. नवऱ्याला विचारलं नाही, तो तीन वर्षं निघतच होता आणि शेवटी गेला. आणि ज्या नोकरीत दिवसातून एकदा सगळ्यांना विचारायचं असतं, आज काय करणार, नेमकी तीच मी धरली. टोरेला सांगितलं तर हसेल. किंवा नाही हसणार, त्याच्या गावातही होड्या आहेत.

पण मी विचारत नाही असंही नाही, मी स्वतःशी भांडले. रोज विचारते. काय विचारते? “दीपा, सगळं ठीक ना?” आणि दीपा म्हणते, “हो मॅडम.” “अडचण नाही ना?” “नाही मॅडम.” मी रस्त्याच्या मधोमध थांबले, मागून टेम्पोवाल्याने हॉर्न मारला. सहा आठवडे रोज मी तिच्या हातात उत्तर ठेवत होते आणि तेच तिच्याकडून परत घेत होते. आईने डबा द्यावा आणि दुसरीकडे बघावं तशी मी स्टँडअप घेत होते. फळ्यावर अडचण नसेल ते काम हिरवं, आणि बोईसरचं सगळं हिरवं. सहा आठवडे हिरवंगार, एक लाल ठिपका नाही. मला त्याचा किती अभिमान होता! कृष्णकांत सरांना मी त्या फळ्याचा फोटोसुद्धा पाठवला होता. मला स्वतःची अशी चीड आली की उरलेला चहा मी गटारात ओतला, टपरीवाल्याचा ग्लास त्याला परत केला आणि जिने चढले. दीड वाजून गेला होता. एक तास मी चालण्यात घालवला होता.

मी दीपाच्या खुर्चीशेजारी उभी राहिले. तिने हेडफोन काढले. तेवीस वर्षांची मुलगी, कपाळावर बारीक घाम, माझ्याकडे बघताना नेहमी थोडी उठल्यासारखी बसते. मी ओढणीच्या घडीकडे बघत म्हणाले, “दीपा, परत आलेल्या पेट्यांचं काम कुठवर आलंय?” माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

“ते झाला ना मॅडम,” दीपा म्हणाली.

“झालं?”

“तीन आठवडे झाले.” तिने ते उघडून दाखवलं. पेटी गेली, पेटी परत आली, नकाशावर उलटी रेघ, खाली ताशी तापमान. सुबक काम. मी तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसले. तीन आठवडे! पलीकडून दिपेशने विचारलं, “मॅडम, पाणी देऊ?” मी हसत होते असं तो नंतर म्हणाला, मला वाटलं मी रडत होते.

“अगं, मग सांगितलं का नाहीस? ते कार्ड ‘झालं’च्या रकान्यात का नाही सरकवलंस?”

दीपाला प्रश्नच कळला नाही असं क्षणभर वाटलं. “त्याच्यावर ज्ञानेश सरांचं नाव पयलं हाय,” ती म्हणाली. “त्यांनी सरकवायला पायजे ना. मी एकटीनं केला असा कसा सांगायचा? तिघांचा काम हाय.” मग तिने आणखी समजावलं, लहान मुलाला समजवावं तसं. “आमच्याकडं आवणीला, भात लावायला, सगळे एकमेकांच्या खाचरात जातात. आज यांचा, उद्या त्यांचा. लावून झाला का घरी. मी लावला, मी लावला, असं कोन बोलत नाय. बोलला तर बरा नाय दिसत.”

आणि मी तिला कशी दटावणार होते? माझ्या घरी विचारलं की बिघडतं, तिच्या पाड्यावर सांगितलं की बरं दिसत नाही, आणि आम्ही दोघी सात फुटांवर बसून नॉर्वेचा प्रोग्रॅम लिहीत होतो. मी तिला म्हटलं, आज डेमोत हे तू दाखव. ती नको नको म्हणाली, इंग्रजी नाय जमत, मी म्हटलं जमेल तेवढं बोल. मग मी बेसिनवर जाऊन तोंड धुतलं, आईला फोन केला आणि उगाचच विचारलं, जेवण काय केलंय. “कोलंबीचं कालवन. तुला काय झाला मधेच?” आई म्हणाली. मी म्हटलं, काही नाही. मला भूक लागली होती, सकाळपासून पहिल्यांदा. दिपेशच्या डब्यातली अर्धी भाजी मी संपवली.

साडेचारला सगळे चौकोन उजळले. कृष्णकांत सर पुण्याहून टाय लावून बसले होते. टोरेच्या खिडकीत करडं आभाळ. पुण्याने आपला भाग दाखवला, दिपेशने दाखवला, मग दीपाने पडदा घेतला. तिचा आवाज पहिल्या वाक्याला इतका बारीक होता की टोरेने कानाला हात लावला, पण पेटी परत यायला लागली तशी ती सावरली. रेघ उलटी फिरली, तापमान उमटलं. नॉर्वेचा तो मुलगा म्हणाला, छान. ज्ञानेशने, बिचाऱ्याने, मोठ्याने सांगितलं की हे सगळं दीपाचं आहे, माझं नुसतं नाव आहे. मी मांडीवरचे हात सैल सोडले. झालं. सुटलो. मला नवापूरची आमची ओसरी दिसली, बाबांची काठी, आणि पुढची कितीतरी वर्षं.

तेव्हा टोरे म्हणाला, “दीपा, यातलं तुला स्वतःला काय पटत नाही?”

मी त्याचं बोलणं सहा आठवडे ऐकत होते, पण हा प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता. नेहमी विचारायचा, कुणाला काही सांगायचंय का, आणि आम्ही सगळे, नाही नाही, थँक यू. दीपा पडद्याकडे बघत राहिली. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या बघण्यावरून मला कळलं की काहीतरी आहे. तीन आठवडे ते तिच्याजवळ होतं. दुपारी मी तिच्या शेजारी बसले होते तेव्हाही होतं, पण ‘झालं’ एवढं ऐकून मी इतकी सुखावले की पुढे विचारलंच नाही. माझा हात टेबलावरून वर उठला. अर्धी वीत. राहू दे, आज नको, असं सांगायला निघालेला हात, कॅमेऱ्याच्या खाली, कुणाला दिसला नसता. दीपाने तो पाहिला. कृष्णकांत सरांचा टाय, दिपेशची बायको, गोमाचं ‘पुणे नाय’, बाबांचं हाड, सगळं त्या हाताच्या बाजूचं होतं. मी हात खाली ठेवला, दुसऱ्या हाताने त्याला धरून ठेवला आणि म्हणाले, “सांग.”

दीपा म्हणाली, पेटी एकदा परत आली तर बरोबर. तीच पेटी दुसऱ्यांदा गेली आणि दुसऱ्यांदा परत आली, तर पहिल्या वेळचं तापमान पुसलं जातं. पहिल्या वेळी माल नासला असला तरी दिसणार नाही. तिने ते इंग्रजीत सांगितलं, अडखळत, एक शब्द मिळेना तिथे हातांनी पेटी करून.

कृष्णकांत सरांनी टायची गाठ चाचपली.

“हे तुला कधी कळलं?” टोरेने विचारलं.

“थ्री वीक्स,” दीपा म्हणाली.

मी माइक सुरू केला. “तिची चूक नाही,” मी म्हणाले. “मी तिला विचारलं नव्हतं. दुपारी मी तुम्हाला म्हणाले संध्याकाळच्या आत होईल, तेव्हा ते काम झालेलं आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. माझा फळा सहा आठवडे हिरवा आहे कारण मी फक्त हिरवं उत्तर येईल असंच विचारते.” हे बोलताना मला वाटलं मी स्वतःच्या हाताने खोलीला कुलूप लावतेय.  

टोरे बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. तिकडची माणसं विचार करताना गप्प बसतात, आपण त्यांना रागावलेली समजतो. मग तो म्हणाला, “मी सकाळी एक मेल लिहून ठेवली होती. बोईसर बंद करा, अशी. तुमचं काम वाईट आहे म्हणून नाही. सहा आठवडे एका ठिकाणाहून एकही अडचण येत नाही, म्हणजे तिथे काय चाललंय ते मला कधीच कळणार नाही, म्हणून. आपली गावं इतकी लांब आहेत की तुम्ही सांगाल तेवढंच मला दिसतं.” त्याने बोट उचलून कळ दाबली. “ही पुसली. दुसऱ्यांदा परत आलेली पेटी पुढच्या दोन आठवड्यांत घ्या, दीपाच्या नावावर, एकटीच्या. आणि आता मला सांगा, आणखी काय काय आहे?”

दिपेश माझ्याकडे बघत खुर्चीवरून हळूहळू खाली घसरत होता, हसू दाबत.  पहिल्यांदा ज्ञानेश बोलला, पुण्यात दोघं एकाच कामावर आठवडा घालवून बसलेत. मग नॉर्वेचा मुलगा म्हणाला, त्याने त्या दिवशी हात दुसऱ्याच कामासाठी वर केला होता, या कार्डावर आपलं नाव आहे हे त्याला आजच कळलं. दिपेश म्हणाला, त्याची चाचणी दर मंगळवारी आपोआप बंद पडते आणि तो ती गुपचूप पुन्हा चालू करतो, महिनाभर. पुण्याच्या ज्या मुलीचा आवाज मी कधी ऐकला नव्हता ती म्हणाली, दुपारी साडेबाराला तिच्या बाळाची झोपेची वेळ असते, म्हणून ती गप्प असते. टोरे म्हणाला, आमच्या शीतगृहात दोन तापमापक गेले वर्षभर खोटं दाखवताहेत, तुम्हाला सांगायला लाज वाटत होती. मी वही ओढली आणि लिहायला लागले. अकरा झाल्या. अकरा अडचणी, तीन गावांच्या, वेड्यावाकड्या अक्षरात, पान भरत आलं, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की हात लिहिता लिहिता हसत असावा.

“मॅडम,” दीपा म्हणाली, आता माइक बंद न करता, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, “माजी आनखी एक हाय.”

“थांब जरा,” मी म्हणाले, “पान उलटू दे.”